शिसपेनीने लिहिलेलं

नवव्या दिवशी पाणी उतरलं.
चौगुले डॉक्टरांच्या दवाखान्याचं शटर
मी आणि त्यांचा पुतण्या नेमू, दोघांनी पहारीने उचकटलं.
आत घोटाभर गाळ,
आणि भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याच्याही वर,
एक सरळ रेघ.

कपाटात सहाशे बाटल्या.
लेबलं सगळ्यांचीच धुऊन गेलेली.
गोळ्यांचा पाक झालेला.
"यातलं अर्निका कुठलं, नक्स कुठलं?"
डॉक्टर म्हणाले, "चव घेऊन बघ."
स्वतःच्या विनोदाला पहिल्यांदाच हसले नाहीत.

कॉलेजात असताना मी इथे पुड्या बांधायचे.
लोक म्हणायचे, साबुदाण्याच्या गोळ्या.
कुणी विचारायचं, उपासाला चालतात का?
हळद बाजारातला एक हमाल पैजेवर सांगायचा,
हे आयुर्वेदिकच, जर्मन लोकांनी आपल्याकडनं नेलं.
भडंगात कांदा खाल्ला की गुण जातो.
हात लागला की गोळी मरते.
गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना,
हे तर पोरासोरांनाही पाठ.

लाइट गेली की डॉक्टर गोष्ट सांगायचे.
सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरने
सिंकोनाची साल चघळली, धडधाकट असताना,
आणि त्याला हिवतापासारखी कणकण आली.
त्या एका कणकणीवर त्याने सगळं शास्त्र उभारलं.
"तेव्हाचे बाकीचे डॉक्टर काय करायचे माहितेय?
जळवा लावायचे. पारा पाजायचे. नस कापून भांडंभर रक्त.
त्यांच्यापुढे काहीच न करणारं औषध
सगळ्यात दयाळू होतं, पोरी."
मग मेणबत्ती पेटायची, आणि ते पुढचा पेशंट आत घ्यायचे.

आता मी विश्रामबागला अकरावीला केमिस्ट्री शिकवते.
एका थेंबाला नव्याण्णव थेंब,
त्यातला एक घ्या, पुन्हा नव्याण्णव,
असं तीस वेळा, दर वेळी बाटली आपटायची.
बाराव्या फेरीनंतरच मूळ औषधाचा एक रेणू
सापडला तर नशीब.
एकावर चोवीस शून्यं काढताना माझा खडू तुटतो.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं,
मॅडम, पाण्याला आठवण असते.

असेल.
मग कृष्णेला वाईच्या घाटावरची राख आठवत असेल,
कारखान्याची मळी, कऱ्हाडच्या म्हशी,
आयर्विन पुलावरून फेकलेली निर्माल्याची पिशवी.
मग नळाचा घोट न् घोट
सगळ्या जगाचं औषध, आणि सगळं विषही.
भिंतीवरची रेघ आठवण नव्हती.
गाळ होता तो. बोट लावलं की बोटाला यायचा.

केसपेपर मात्र वाचले.
लेबलं शाईची होती, केसपेपर शिसपेनीचे,
आणि शिसं पाण्यात विरघळत नाही,
हे मला माहीत असून त्या दिवशी नवल वाटलं.
नेमूने गच्चीवर दोरी बांधून ते वाळत घातले.
मी खालून वर बघत वाचत गेले:
'डाव्या कुशीवर झोप नाही.'
'तहान नाही. मुलगा पुण्याला. फोन नाही.'
'स्वप्नात विहीर, तीच तीच.'
चाळीस चाळीस मिनिटं ऐकायचे ते.
मिरजेच्या कुठल्या ओपीडीत
कुणाचं एवढं कुणी ऐकलं असेल?

कोपऱ्यात एक कागद दुमडला होता.
चंपाबाई मगदूम, वय ५१, हरिपूर.
माझी आत्या.
आठ महिने गोळ्या खाल्ल्या तिने, छातीतल्या गाठीवर.
गोड होत्या. चिरफाड नव्हती.
अपाय तर नाही ना.
अकरा वर्षं मी डॉक्टरांना मनात दोषी धरलं होतं,
आणि तरीही दर दिवाळीला फराळ द्यायला यायचे.

'गाठ. मिरजेला जा म्हटलं.'
खाली दुसरी तारीख. 'पुन्हा म्हटलं.'
तिसरी. 'रडली. गोळ्या मागितल्या.'
आणि शेवटी, शिसपेन जरा दाबून, एकच शब्द:
'दिल्या.'

डॉक्टर जिन्यात उभे होते, हातात रिकामी बादली.
मी कागद सरळ केला,
चिमटा लावला.
वारा नव्हता.